यादीतलं दुसरं नाव

मास्तरांनी आयुष्यात एक दिवससुद्धा शाळेत शिकवलं नव्हतं. पण कुणी नुसतं "संगणक हळू चालतोय" म्हणालं, तरी हे त्याला खुर्चीत बसवून, आतला पंखा कशाला असतो इथपासून सुरुवात करायचे. म्हणून इस्पितळातल्या लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं होतं. बावीस वर्षं ते तळमजल्यावरच्या आवाजाच्या खोलीत बसत होते. खोली कसली, मोठं कपाटच म्हणा ना. भिंतींना जाड फोम, दाराच्या कडेला रबर, आत एक माइक आणि एक खुर्ची, मधे काच, आणि काचेच्या अलीकडे मास्तर आणि त्यांचा संगणक.

ज्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज कायमचा जाणार असतो, ती माणसं ऑपरेशनच्या आधी त्या खुर्चीत येऊन बसत आणि समोरच्या कागदावरची वाक्यं वाचत. हजार वाक्यं, कधी दीड हजार. मग त्या वाक्यांवरून एक छोटं यंत्र तयार व्हायचं. माणसाने त्यावर काही टाइप केलं, की यंत्र ते त्याच्याच आवाजात बोलायचं. इतक्या वर्षांत मास्तरांनी कितीतरी लोकांचा शेवटचा खोकला, शेवटचं हसू आणि शेवटची शिवी त्या संगणकात भरून ठेवली होती. आणि पाच महिन्यांपूर्वी त्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती.

तिने सोळाशे वाक्यं वाचली. तीन आठवडे रोज दुपारी यायची. वाक्यं अगदीच अळणी होती, "निळी गाडी पुलावरून गेली" छापाची, आणि ती वाचताना तिला हसू आवरायचं नाही. शेवटच्या दिवशी म्हणाली, हे गाडी-पूल पुरे झालं, आता माझी वाक्यं घ्या. आणि माइकसमोर नीट बसून तिने घरातली रोजची बोलणी एकामागून एक खणखणीत म्हणून टाकली. "अहो, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका." "अहो, ऐकताय का?" "तुम्हाला काही सांगायची सोय नाही." काचेच्या अलीकडे मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते हसतही होते. ऑपरेशन झालं. आता ती गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेई, त्या भोकावर रुमालाएवढी जाळीदार कापडी पट्टी असे आणि हातात पांढरी पाटी, पुसून पुन्हा लिहायची. येत्या मंगळवारी यंत्र बनवणारे लोक येऊन तिची वाक्यं घेऊन जाणार होते. घरात दुसरा विषय नव्हता.

आता या सगळ्यात मास्तर खूश असायला हवे होते. पण गुरुवारी डॉक्टरबाईंनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं की एक तारखेपासून आवाजाच्या खोलीचा ताबा धाकटीकडे राहील आणि मास्तर सल्लागार म्हणून असतील. धाकटी म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेली तंत्रज्ञ. वयाने सगळ्यांत लहान म्हणून ते नाव पडलं, आणि तिनेही ते हसत घेतलं. हुशार होती, हात हलका होता, आणि बोलण्यात "मास्तर, मास्तर" असा घोष. जे काही येत होतं ते सगळं मास्तरांनीच शिकवलेलं. ती टाळ्या घ्यायला उभी राहिली तेव्हाही तिने आधी त्यांच्याकडेच पाहिलं. मास्तरांनीही टाळ्या वाजवल्या. पण सल्लागार! सल्ला कोण मागणार होतं? अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी धाकटीला शिकवली नव्हती. संगणकाचं बटण दाबलं की सगळ्यांत आधी जागी होते ती आतली एक छोटी चिप. तिच्याजवळ एक यादी असते: कुठल्या डिस्कवरची सिस्टिम आधी उठवायची, ती नसली तर कुठली. ही यादी जिथे दिसते त्या पानाला मास्तरांनी पासवर्ड घातला होता, आणि तो फक्त त्यांच्या डोक्यात होता. टाइप करताना ते कोपर असं आडवं धरत, की मागे उभ्या असलेल्याला कीबोर्डच दिसू नये. धाकटीने एकदा विचारलं होतं. वेळ आली की देईन, असं म्हणून त्यांनी तिची बोळवण केली होती.

शुक्रवारी सकाळी धाकटीने ठरल्याप्रमाणे नवी डिस्क बसवली आणि तिच्यावर नवी सिस्टिम टाकायला घेतली. जुनी सिस्टिम अकरा वर्षांची, तिला कंपनीनेही कधीच वाऱ्यावर सोडलेलं. जुन्या डिस्कला हात लावायचा नव्हता. दोन्ही शेजारी शेजारी राहणार, हळूहळू आवाज इकडून तिकडे आणायचे, असा बेत. तासाभरात नवी सिस्टिम चढली. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि नवा कोरा, चकचकीत पडदा समोर आला. जुनीचा पत्ताच नाही. कुठली उठवू असं विचारलंसुद्धा नाही त्याने. धाकटीने दोनदा बंद करून सुरू केला, दोन्ही वेळा तेच. मग तिने आत जाऊन जुनी डिस्क शोधली, तर नवी सिस्टिम म्हणे ही डिस्क कोरी आहे, हिच्यावर काही नाही, वापरायची तर आधी साफ करू का?

बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं. डिस्कवर दोनशेच्या वर माणसांचे आवाज. तिने "नाही"चं बटण दाबलं, मास्तरांना हाक मारली, आणि ते येताच "मी बाईंना सांगून येते" म्हणत जिन्याकडे पळाली. लपवणं तिला जमतच नसे, हा तिचा गुण म्हणा की खोड म्हणा.

मास्तर खुर्चीत टेकले. खोलीत कुणी नव्हतं, तरी सवयीने कोपर आडवं केलं आणि पासवर्ड घातला. यादी उघडली. एका नजरेत त्यांना सगळं कळलं, आणि त्यांना हसूच आलं. पहिल्या नंबरावर नवी सिस्टिम. दुसऱ्या नंबरावर जुनी, तिच्या नावासकट, जिवंत, धडधाकट. नव्या सिस्टिमची ही खोडच असते. घरात पाऊल टाकल्याबरोबर, कुणाला न विचारता, यादीत आपलं नाव सगळ्यांत वर लिहून मोकळी. जुनीला ती काही करत नाही, हाकलत नाही, पुसत नाही. फक्त एक पायरी खाली ढकलते. आणि जुनी डिस्क रुग्णांची म्हणून कुलूपबंद होती. तिची स्वतःची सिस्टिम उठली तरच उघडायची, परक्याला कोरीच दिसायची. एक बटण दाबून जुनीचं नाव वर घेतलं की काम फत्ते. चार सेकंदांचं काम.

बोट त्या बटणावर गेलंही होतं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. डॉक्टरबाई आत आल्या, मागे धाकटी, पांढरीफटक. बाई तिच्याशी बोलल्याच नाहीत. सरळ मास्तरांच्या खुर्चीशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीच बघा हो. तुमच्याशिवाय हे कुणाला कळणार?"

दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं. खोटं कशाला सांगू, तेव्हा त्यांना जे वाटलं ते फार गोड होतं. त्यांनी बटण दाबलं, पण ते नाही, शेजारचं, यादीचं पान बंद करण्याचं. खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"यादीत नावच नाही," ते म्हणाले. "डिस्क गेली."

धाकटीने विचारलं, नवी डिस्क काढून एकदा चालू करून पाहू का? विचारलं अगदी बरोबर होतं. तसं केलं असतं तर जुनी तिथल्या तिथे उठून बसली असती. मास्तर म्हणाले, ते मी मघाशीच पाहिलं. तिने डिस्ककडे नेलेला हात मागे घेतला. खोलीचा पहिला नियम तिला त्यांनीच घालून दिला होता, की मास्तरांचं बघून झालं म्हणजे झालं, दुसऱ्याने पुन्हा बघत वेळ घालवायचा नाही. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, की कपाटात दर शुक्रवारची कॉपी आहे ना? आहे ना, मास्तर म्हणाले. नशीब, असं म्हणून बाई धाकटीकडे वळल्या आणि जे बोलल्या ते हळू आवाजात बोलल्या, पण धाकटीचे कान लाल होईपर्यंत बोलल्या. ताब्याचं आपण सोमवारी पुन्हा एकदा बघू, असंही म्हणाल्या.

मास्तरांच्या मनात बेत तयार झाला होता. वाईट माणसाचा बेत नव्हता हो, दुखावलेल्या माणसाचा होता, पण फळ सारखंच. शनिवार-रविवार लोकांना जरा घाम फुटू दे. सोमवारी सकाळी आपण म्हणायचं, एकदा शेवटचा प्रयत्न करतो. अर्धा तास दार लावून बसायचं, मग दार उघडायचं आणि आत दोनशे माणसं बोलायला लागलेली. बघू मग कोण सल्लागार आणि कोण कोण! बायकोचा आवाज त्याच डिस्कवर आहे हे ते विसरले नव्हते. पण त्याची काळजी कुणाला? जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, की डिस्कला काहीही झालेलं नाही.

दुपारी धाकटी एक कागद घेऊन आली. डिस्क बाद झाल्याचा कागद. नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा इस्पितळाची जुनी डिस्क भंगारात सापडली आणि रुग्णांची खासगी बोलणी बाहेर फुटली, तेव्हा मास्तरांनीच हा नियम आणला होता: मेलेली डिस्क इमारतीबाहेर जाणार नाही, दुरुस्तीला नाही, कुठेच नाही. चोवीस तासांच्या आत तळघरात सुताराच्या ड्रिलने तिला तीन भोकं पाडायची, आणि कागदावर दोन सह्या. तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती, मास्तर हट्टाला पेटले होते. आता त्या कागदावर सही करायची वेळ त्यांच्यावर आली. नाही म्हणावं तर का नाही? त्यांनी घड्याळ पाहिलं. सुतार शुक्रवारी दुपारी लवकर जातो, शनिवारी येत नाही. म्हणजे सोमवारपर्यंत डिस्क सुखरूप. त्यांनी सही ठोकली, नेहमीसारखी, खाली रेघ मारून.

घरी गेले ते शीळ घालत. बायकोने दारातच पाटी पुढे केली: आज स्वारी खुशीत? मास्तर म्हणाले, काम चांगलं झालं. तिने तेवढ्यावर समाधान मानलं. जेवताना तिने मंगळवारी काय काय बोलायचं त्याची यादी करायला घेतली. बहिणीला फोन करणार होती, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि फोन उचलल्यावर आधी काय म्हणायचं यावर तिचं ठरत नव्हतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

शनिवारी दुपारी धाकटी घरी आली. हातात फळांची पिशवी, चेहरा ओढलेला, पण पाऊल हलकं. बायकोला पोरगी आवडायची. गळ्याच्या पट्टीवर पदर सारखा करून तिने तिला हाताला धरून बसवलं, चहा टाकला. धाकटी इकडचं तिकडचं बोलली आणि मग मास्तरांकडे वळून म्हणाली की कपाटाची किल्ली हवी होती. कॉपीची डिस्क काढून आजच आवाज परत चढवायला घेते. सोमवारपर्यंत बसेन, पण काकूंची वाक्यं सगळ्यांत आधी चढवेन, मंगळवार चुकायला नको.

मास्तर म्हणाले, अगं सोमवारी बघू ना, एवढी काय घाई. मी जुन्या डिस्कवर एकदा शेवटचा प्रयत्न करणार आहे.

"आता कसला प्रयत्न, मास्तर?" धाकटी म्हणाली. "तिला सकाळी भोकं पाडली."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिने सविस्तर सांगितलं. चोवीस तासांचा नियम आठवला. आधीच एक चूक अंगाला चिकटलेली, त्यात उद्या कुणी म्हणायला नको की धाकटीने मास्तरांचा नियमही मोडला. म्हणून सुताराच्या घरी जाऊन त्याला विनवून आणलं. पहिल्या भोकाला ड्रिलचं पातं घसरलं, दुसऱ्याला आतल्या चकत्या करकरल्या, तिसरं सरळ आरपार गेलं. चमकीसारखा भुगा पडला, तो तिने कागदाच्या पुडीत बांधून डिस्कबरोबर पेटीत ठेवला. सगळं नियमाने. शाबासकी मागावी तसं ती हे सांगत होती, आणि शाबासकी देणारं माणूस जगात एकच होतं.

  आता उरलं कपाट. कपाटातली डिस्क आठ महिन्यांपूर्वीच काठोकाठ भरली होती, पुढे जागा नव्हती. नवी मागवायची म्हणून त्यांनी कागद केला, तो कुठल्यातरी टेबलावर अडकला, आणि मास्तर दर शुक्रवारी वहीत "कॉपी केली" लिहून सही करत राहिले. मूळ डिस्क ठणठणीत होती, मग कॉपीवाचून काय अडतंय? आज ना उद्या करू. आठ महिन्यांत खुर्चीत बसलेल्या एकाही माणसाचा आवाज त्या कपाटात नव्हता.

हे मात्र त्यांनी सांगितलं. सांगावंच लागलं, किल्ली मागायला मुलगी समोर बसली होती. खाली बघत, तुटक तुटक सांगितलं. आणि सांगताना त्यांच्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एक हिशेबी माणूस बसून बघत होता, की ही चूक कबूल केली की दुसरी कुणी विचारणार नाही. तसंच झालं. धाकटीने तोंडावर हात घेतला. मग तीच त्यांची समजूत घालायला लागली. म्हणाली, तुम्ही एकटे किती ठिकाणी पुरणार होतात, मास्तर? आणि काकूंचं आजारपण. डिस्क मेली नसती तर कॉपीची गरजच पडली नसती. नवी सिस्टिम मी टाकली. खरी चूक माझीच.

बायकोने चहाचे कप खाली ठेवले होते. तिने सगळं ऐकलं होतं. तिने पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं आणि आधी धाकटीला दाखवलं: रडू नकोस. त्यांनी सगळं करून पाहिलं ना?

"सगळं, काकू. मी होते तिथे. त्यांनी सगळं करून पाहिलं."

बायकोने मान हलवली. पाटी पुसली, आणि या वेळी मास्तरांसाठी लिहिलं: तुम्ही दमला होतात. माझ्यामुळे. मग उठून आत गेली आणि मंगळवारच्या बोलण्याचा कागद घडी करून डब्यात ठेवून आली. मास्तरांना ते बसल्या जागेवरून दिसलं. बोलायला तोंड उघडावं असं त्यांना त्या दिवशी पंधरा वेळा तरी वाटलं असेल, आणि पंधरा वेळा ते पाणी पिऊन बसले.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी पोचले. झोप नाही, दाढी नाही. एक काम उरलं होतं. डिस्क काढून टाकली तरी चिपच्या यादीतलं तिचं नाव आपोआप जात नाही, त्या जातीच्या संगणकात तरी जात नाही. कुणीतरी मुद्दाम पुसावं लागतं. आणि आज ना उद्या बाई पासवर्ड मागणार, धाकटी यादी उघडणार, आणि "यादीत नावच नाही" म्हणणाऱ्या माणसाचं पितळ उघडं पडणार. मास्तरांनी कोपर आडवं केलं. यादी उघडली. पहिली नवी, दुसरी जुनी. जशीच्या तशी, जणू काही झालंच नव्हतं.

पुसायच्या आधी त्यांनी एक वेडेपणा केला. शुक्रवारी दाबायचं राहिलेलं ते बटण आता दाबलं. जुनीचं नाव वर आलं. संगणक बंद झाला, सुरू झाला, आणि पडदा काळाच राहिला. चिप जुन्या डिस्कला शोधत होती. एक सेकंद, दोन सेकंद, तीन. मास्तर श्वास धरून बसले होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग नवा चकचकीत पडदा आला.

त्यांनी पुन्हा यादी उघडली. नाव पुन्हा दुसऱ्या जागेवर ठेवलं, होतं तसं. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. बायकोच्या सोळाशे वाक्यांचं, टॉवेलचं, "ऐकताय का"चं जगात एवढंच शिल्लक होतं, अर्धी ओळ, आणि तीसुद्धा आपण आपल्या बोटाने पुसायची. बोट खाली जाईना. तेवढ्यात दार उघडलं. धाकटी आली होती. बाईंनी सांगितलंय, ती चाचरत म्हणाली, पासवर्ड बंद पाकिटात घालून त्यांच्याकडे ठेवायचाय. तुम्हाला चालेल ना?

मास्तरांनी कोपर बाजूला केलं. खुर्ची सरकवून पडदा तिच्याकडे वळवला.

तिला फार वेळ लागला नाही. शिकवलेलंच होतं तिला. तिने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि मग दुसरीच वाचत राहिली. फोमच्या त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. संगणकाचा पंखा तेवढा फिरत होता.

"हे शुक्रवारीही इथेच होतं?"

"हो."

"तुम्ही बघितलं होतं?"

"हो."

तिने ओरडावं असं मास्तरांना मनापासून वाटत होतं. ती ओरडली नाही. आपल्या हातांकडे बघितलं, उजवा तळवा उघडला, मिटला. सुतार ड्रिल चालवत असताना डिस्क तिने धरली होती.

"मी काकूंना सांगितलं, तुम्ही सगळं करून पाहिलंत म्हणून," ती म्हणाली. "माझ्या तोंडून वदवून घेतलंत, मास्तर."

मी आजच सांगतो, मास्तर म्हणाले, घरी जाऊन आधी तेच. बाईंनाही सांगतो. धाकटी म्हणाली, बाईंचं मी बघते. मग तिने कागद पुढे केला, आणि मास्तरांनी त्यावर पासवर्ड लिहिला. तिने तो त्यांच्यादेखत टाइप करून पाहिला. त्यांच्या शब्दावर यापुढे काही सोडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

दुपारी अवेळी घरी आलेल्या नवऱ्याला बघून बायको दचकली. मास्तर तिच्यासमोर बसले. दोनदा तोंड उघडलं. बावीस वर्षं लोकांना "बोला, मोकळेपणाने बोला" सांगणाऱ्या माणसाला आवाज फुटेना. शेवटी त्यांनी तिच्या मांडीवरची पाटी घेतली आणि लिहिलं. पाटी लहान, म्हणून तीनदा भरली, तीनदा पुसली. डिस्क मेलेली नव्हती. मला माहीत होतं. मला वर बसायचं होतं.

तिने तिन्ही वेळा शेवटपर्यंत वाचलं. मग ती बोलायला लागली. पाटीवर नाही, तोंडाने. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, गळ्यावरची पट्टी आत-बाहेर होत होती, आणि तिच्यामागून नुसती हवा येत होती. बराच वेळ बोलली ती. एकतीस वर्षांच्या संसारात कधी बोलली नसेल एवढं बोलली. मास्तर ओठ वाचायची धडपड करत होते. एक शब्द हाती लागेना. त्यांनी पाटी स्वच्छ पुसली, पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही तिच्यापुढे धरलं.

तिचं बोलून झालं होतं. पाटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. उठली, पलंगावरचा ओला टॉवेल उचलला आणि वाळत घालायला बाहेर गेली.